अचंब्याला सनद हवी, हसण्याला परवाना कशाला?

आपल्या मोहल्ल्यांतील मोबाईलवर रोज दोन प्रकारचे संदेश येऊन पडतात. पहिला चमत्काराचा. टोमॅटो कापला तर आत अल्लाहचे नाव निघाले, अमुक देशात झाड सजद्यात झुकले, समुद्राच्या तळाशी पाणबुड्याला अजान ऐकू आली. दुसरा दटावणीचा. कोणी मांजरीच्या पिल्लाची गंमत किंवा साधासुधा लतीफा ग्रुपवर टाकला की दहा मिनिटांत एखादे बुजुर्ग लिहितात, "ग्रुप का मकसद याद रखें, फुजूल चीजें न डालें." पहिल्या संदेशाखाली 'सुब्हानअल्लाह'ची रांग लागते, दुसऱ्याखाली 'बेशक'ची. पहिला संदेश खरा आहे काय, हे कोणी विचारत नाही. त्या मांजरीने कोणाचे काय बिघडवले, हेही कोणी विचारत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारी मंडळी. बी.एड. करताना आम्हाला सांगितले गेले की मुलाच्या शिकण्याची सुरुवात कुतूहलातून होते आणि वर्ग हसता असेल तर अवघड धडाही सोपा जातो. नोकरीला लागल्यावर आम्ही पाहिले की आपल्या समाजात या दोन्ही गोष्टींची वाट उलटीकडून लागली आहे. कुतूहल आहे, पण ते खोट्या मालावर खर्च होते. हसू आहे, पण ते चोरून हसावे लागते. खोट्या चमत्काराला आपण फार सवलत दिली आणि निरागस हसण्यावर फार पहारा बसवला. हा सौदा तोट्याचा आहे, आणि त्याची किंमत आमच्या वर्गात बसलेली मुले मोजत आहेत, हे आम्हाला इथे स्पष्टपणे मांडायचे आहे.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. जमिनीत खोल खड्डा खणला आहे, त्यात माणसाचा प्रचंड सांगाडा पसरलेला आहे आणि त्याच्या कवटीपाशी उभा असलेला माणूस मुंगीएवढा दिसतो, हे चित्र वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिलेले असेल. सोबत मजकूर असतो की सौदी अरबच्या वाळवंटात तेल शोधताना कौमे-आदच्या माणसाचा सांगाडा सापडला, सरकारने तो भाग बंद केला आणि जगापासून ही बातमी लपवली गेली. आता या चित्राची खरी कुंडली ऐका. सन २००० मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क इथे मॅस्टोडॉन नावाच्या, हत्तीच्या जातकुळीतील नामशेष प्राण्याचे अवशेष उकरले जात होते. त्या खोदकामाचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. २००२ मध्ये इंटरनेटवर चित्रांची जोडकाम-स्पर्धा होती. विषय होता, पुरातत्त्वातील अजब गोष्टी. कॅनडातील एका चित्रकाराने त्या छायाचित्रात मानवी सांगाडा बसवला आणि ते स्पर्धेला पाठवले. त्याला कोणाला फसवायचे नव्हते, त्याने गंमत केली होती. पण चित्र स्पर्धेतून निसटले आणि जगभर फिरू लागले. २००४ मध्ये बांगलादेशातील एका दैनिकाने ते सौदीतील शोध म्हणून छापले.

खरी गंमत पुढेच आहे. मार्च २००७ मध्ये मुंबईतील एका मासिकाने हाच प्रकार छापला, पण त्या मजकुरात सांगाडा भारतात सापडला होता आणि महाभारतातील महाकाय वंशाचा होता. फॉरवर्ड होता होता पुढे त्याला घटोत्कच हे नावही मिळाले. म्हणजे हाडे तीच, खड्डा तोच, शेजारी उभा असलेला माणूसही तोच. आपल्या ग्रुपमध्ये तो कौमे-आदचा झाला, शेजारच्या आळीतील ग्रुपमध्ये भीमाचा मुलगा झाला. मुळात बिचारा नव्हताच कोणाचा. दोन समाज एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता एकाच खोट्यावर एकाच वेळी 'वाहवा' म्हणत होते, यापेक्षा मोठा लतीफा आम्हाला तरी माहीत नाही. डिसेंबर २००७ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने सगळा उलगडा छापला, तेव्हा त्या मुंबईच्या मासिकाच्या संपादकांनी फसगत झाल्याचे मान्य केले. आपल्या किती ग्रुपांच्या ॲडमिननी एवढा मोठेपणा दाखवला? आमच्या मुलांच्या मोबाईलवर तो सांगाडा आजही येतो.

दुसरे उदाहरण नील आर्मस्ट्राँगचे. चंद्रावर त्यांना एक आवाज ऐकू आला, पुढे काहिरात अजान ऐकली तेव्हा तो आवाज ओळखू आला आणि त्यांनी इस्लाम कबूल केला, ही कहाणी मोबाईलच्या आधीची आहे. ती कॅसेटवरून आणि वाजांतून फिरत होती. ती इतकी पसरली की १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतील आपल्या वकिलातींना कळवावे लागले की असे काही घडलेले नाही. स्वतः आर्मस्ट्राँग यांनी नम्रपणे आणि वारंवार नकार दिला. २०१२ मध्ये ते वारले, तरी कहाणी जिवंत आहे. ते ओहायो राज्यातील लेबनॉन नावाच्या गावाजवळ राहत, आणि लोकांनी ते अरब देशातील लेबनॉन समजून घेतले, असेही सांगतात. चंद्रावर हवा नाही, हवेशिवाय आवाज पोहोचत नाही. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीच्या धड्यात हे छापलेले आहे. मुलगा सकाळी तो धडा पाठ करतो आणि संध्याकाळी चंद्रावरची अजान फॉरवर्ड करतो. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींना सलामही करत नाहीत.

तिसरे उदाहरण नाजूक आहे, तरी बोलले पाहिजे. चंद्रावरील एका लांब भेगेचे छायाचित्र शक्कुल-कमरचा पुरावा म्हणून फिरते. ते मे १९६९ मध्ये अपोलो १० मोहिमेत घेतलेले आहे. त्या भेगेला खगोलशास्त्रात रिमा एरिआडेयस म्हणतात. ती सुमारे ३०० किलोमीटर लांब आहे. ती चंद्राच्या एका भागात सुरू होते आणि तिथेच संपते, चंद्राला वेढा घालत नाही. चंद्रावर अशा पुष्कळ भेगा आहेत. मोजिजा हा ईमानाचा विषय आहे. ज्यांचा त्यावर ईमान आहे त्यांनी चौदाशे वर्षे कोणत्याही छायाचित्रावाचून तो ठेवला. आज त्याला नासाच्या फोटोचा टेकू देणारा माणूस ईमान मजबूत करत नाही. ज्याला टेकू लागत नव्हता त्याला तो कुबडी देतो, आणि कुबडी मोडली की माणूस पडतो.

यावर जे उत्तर मिळते ते आम्हाला पाठ आहे. "सर, नीयत तो अच्छी है. लोकांचे ईमान ताजे होते, यात वाईट काय?" वाईट असे की आजचा नववीतला मुलगा दोन मिनिटांत तपासू शकतो. त्याला समजते की सांगाडा खोटा, आर्मस्ट्राँगची गोष्ट खोटी. मग तो पुढचा प्रश्न विचारतो, मोठ्याने नाही, मनातल्या मनात. ज्या चाचांनी हे पाठवले, ज्या मौलानांनी मिंबरावरून हे सांगितले, ज्या गुरुजींनी वर्गात मान डोलावली, त्यांनी सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींचे काय? खोटा चमत्कार एकटा पडत नाही, पडताना तो बापाचा, शिक्षकाचा आणि आलिमाचा शब्दही घेऊन पडतो. ईमान ताजे करण्याची ही रीत म्हणजे विहिरीत पाणी वाढावे म्हणून वरून घागरी ओतण्यासारखी आहे.

दुसरे उत्तर असे मिळते की इतर लोकही हेच करतात. करतात. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, हा खोटा संदेश कित्येक वर्षे देशभर फिरतो आहे आणि शिकलेसवरलेले लोक तो छाती फुगवून पाठवतात. पण शेजाऱ्याच्या घरी धूळ आहे म्हणून आपल्या घराला झाडू लागत नाही, असे होत नाही. शिवाय आपला गुन्हा थोडा जास्तच आहे, कारण बातमी तपासण्याचे शास्त्रच ज्या समाजाने उभे केले, तो हा समाज आहे.

हदीसच्या संग्रहात प्रत्येक रिवायतीआधी सनद असते. ही गोष्ट अमुकाने सांगितली, त्याने तमुकाकडून ऐकली, त्याने आणखी कोणाकडून. एवढ्यावर आपले बुजुर्ग थांबले नाहीत. या साखळीतील प्रत्येक माणूस कोण होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खरे बोलत असे काय, तो ज्याच्याकडून ऐकल्याचे सांगतो त्याला खरोखर भेटला होता काय, हे पाहण्यासाठी अस्माउर-रिजाल नावाचे स्वतंत्र इल्म तयार झाले. इमाम बुखारी सन ८७० मध्ये वारले. त्या काळी ना रेल्वे होती ना छापखाना. एकेका रिवायतीच्या तहकीकसाठी माणसे शहरोशहरी प्रवास करत. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत हुकूम आहे की कोणी बातमी आणली तर आधी खात्री करून घ्या, नाही तर अजाणता कोणाचे नुकसान कराल आणि पस्तावाल. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, या अर्थाची रिवायत सहीह मुस्लिमच्या मुकद्दम्यात आहे. या परंपरेचे वारस आज काय करतात? 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' एवढीच सनद पाहतात आणि ती सहीह धरून चालतात.

हा रोग नवा नाही. मदिन्याच्या शेख अहमद यांच्या स्वप्नाचा वसीयतनामा आपल्या आजी-आजोबांच्या काळात छापील पत्रकावर यायचा. इतक्या प्रती छापून वाटा, फायदा होईल. फेकून द्याल तर नुकसान होईल. सौदीचे मुफ्ती शेख इब्ने बाज यांनी तो बनावट असल्याचे स्वतंत्र पुस्तिका लिहून सांगितले. तरी 'अकरा जणांना पाठवा' हे त्याचे शेपूट आजही हलते आहे. फरक एवढाच की पूर्वी छपाईचे पैसे पडत, त्यामुळे माणूस निदान एकदा तरी विचार करायचा. आता अंगठा हलवायलाही विचार लागत नाही.

मुल्ला नसरुद्दीनची एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे. एकाने मुल्लांना ससा आणून दिला. मुल्लांनी त्याचे कालवण करून पाहुण्याला जेवू घातले. दुसऱ्या दिवशी एक माणूस आला, म्हणाला, ज्याने ससा दिला त्याचा मी शेजारी. त्यालाही उरलेला रस्सा मिळाला. मग शेजाऱ्याचा दोस्त आला, दोस्ताचा मेहुणा आला. शेवटी आलेल्यापुढे मुल्लांनी गरम पाण्याचा वाडगा ठेवला. तो म्हणाला, हे काय? मुल्ला म्हणाले, "सशाच्या रश्श्याच्या रश्श्याचा हा रस्सा." आपल्या मोबाईलवर रोज जे येते ते हेच गरम पाणी आहे. ससा कधी कोणी पाहिलेला नसतो. आणि आपण ते बिस्मिल्लाह म्हणून पितो, वर शेजाऱ्यालाही वाढतो.

इथपर्यंतचा विषय हसण्यावारी नेता आला. पुढचा येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा इथे, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेले भिक्षेकरी होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, एवढा संदेश मोबाईलवर फिरत होता, तेवढा त्यांच्या मृत्यूला पुरला. त्या महिन्यांत देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेली होती. मोटारसायकलवरचा माणूस मूल उचलून नेतो, मग परत आणून सोडतो आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतो. कोणी तरी शेवट कापला आणि उरलेला तुकडा 'आपल्या भागातील घटना' झाला. त्याच १ जुलैच्या रात्री आपल्या मालेगावातही ही अफवा उसळली होती. तिथे पोलिसांनी आणि काही स्थानिक लोकांनी जमावाच्या हातून पाच जणांचा जीव वाचवला. ज्यांनी दार उघडले, त्यांनी हुजुरातची सहावी आयत अमलात आणली असे आम्ही मानतो. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी पाठवण्यास बंदी घातली आणि 'फॉरवर्डेड' असा शिक्का मारायला सुरुवात केली. जे काम आपल्या विवेकाने करायचे ते यंत्राला करावे लागले.

दोन वर्षांनी पाळी आपल्यावर आली. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईत एका कच्च्या कैद्याने पोलीस गाडीत पोलिसावर थुंकल्याची चित्रफीत होती. तबलिगी जमातचा तिच्याशी काही संबंध नव्हता. एप्रिलमध्ये तीच चित्रफीत तबलिगींच्या नावावर देशभर फिरली. त्या दिवसांत भाजीविक्रेत्या, फळविक्रेत्या मुसलमानांना किती गल्ल्यांत येऊ दिले नाही, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. तेव्हा आपण सगळे एका आवाजात म्हणालो की पुरावा दाखवा, चित्रफीत कधीची, कुठली, कोणी काढली ते सांगा. अगदी योग्य म्हणालो. पण सनद मागण्याचा हक्क फक्त आपली बदनामी करणाऱ्या बातमीपुरता वापरायचा आणि आपली स्तुती करणारी बातमी डोळे मिटून गिळायची, हे इन्साफाचे लक्षण नाही. ज्याला आपल्यावरचे खोटे बोचते, त्याने आपल्या बाजूचे खोटेही थांबवले पाहिजे. तरच त्याच्या 'पुरावा दाखवा'ला वजन येईल.

कोणी विचारेल, मग मोबाईलवर अचंबा करण्यासारखे काही नाहीच काय? आमचे उत्तर आहे, इतके आहे की आयुष्य पुरणार नाही. खऱ्याचा तुटवडा असता तर खोट्याची मजबुरी समजली असती. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. छायाचित्रे सगळ्यांच्या मोबाईलवर आली. कोणी कयामतच्या निशाण्या सांगितल्या, कोणी शाप सांगितला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणारे अतिसूक्ष्म जीव आणि त्यांनी तयार केलेले गुलाबी रंगद्रव्य, हे कारण निघाले. पाणी आटले, क्षार वाढले, या जिवांना ते मानवले. नमुन्यातील जीव तळाशी बसले की पाणी पुन्हा नितळ दिसायचे. आता सांगा, कारण समजल्याने अचंबा कमी झाला काय? उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात पडलेला पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, त्यात समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर खारे पाणी, आणि त्या पाण्याला रंगवणारे डोळ्यांना न दिसणारे जीव! आम्ही तर तहकीक वाचल्यानंतर पहिल्यांदा मनापासून सुब्हानअल्लाह म्हणालो. आणि हे सौदीच्या वाळवंटात नाही, एस.टी.ने जाता येते.

जुलै २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रे आली. वाळूचा एक कण बोटावर धरून हात लांब केला तर त्याने जेवढे आकाश झाकले जाईल, तेवढ्याशा तुकड्यात हजारो आकाशगंगा दिसल्या. आमच्या मुलांना हे चित्र दाखवले तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती कोणत्याही कापलेल्या टोमॅटोने आणली नसती. ताऱ्यांचीच गोष्ट निघाली आहे तर आणखी एक सांगतो. आकाशातल्या ज्या पुंजक्याला मराठीत कृत्तिका म्हणतात, तोच अरबीत सुरय्या. त्याच्या मागोमाग उगवणारा तांबूस तारा मराठीत रोहिणी, अरबीत अद-दबरान, म्हणजे पाठलाग करणारा. युरोपने अरबांकडून ते नाव उचलले आणि आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्याला अल्डेबरान म्हणतात. आमच्या शाळांत सुरय्या नावाच्या मुली आहेत, शेजारच्या मराठी शाळेत कृत्तिका आणि रोहिणी आहेत. खोट्या सांगाड्याला दोन समाजांनी दोन नावे दिली, तशी खऱ्या ताऱ्यांनाही दोन नावे आहेत. मग यातले कोणते मुलांना सांगायचे, हे ठरवायला बी.एड. तरी कशाला लागते?

आता हसण्याकडे येऊ. आमचे दटावणारे बुजुर्ग एक रिवायत नेहमी ऐकवतात की फार हसण्याने दिल मुर्दा होते. रिवायत आहे, जामे तिर्मिजीत आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण त्यात 'फार' हा शब्दही आहे, तो ऐकवताना गाळला जातो. त्याच तिर्मिजीत आपल्या भावाला हसऱ्या चेहऱ्याने भेटण्याला सदका म्हटले आहे. आणि त्याच तिर्मिजीत उंटाचा तो प्रसंगही आहे. एका माणसाने रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे बसायला उंट मागितला. तुला उंटिणीचे पिल्लू देतो, असे उत्तर मिळाले. माणूस गोंधळला, पिल्लावर मी कसा बसू? तेव्हा त्याला विचारले गेले की उंट उंटिणीशिवाय दुसऱ्या कोणाच्या पोटी जन्मतो काय? या विनोदात खोटे काही नाही, कोणाचा अपमान नाही, आणि गोंधळलेला माणूस शेवटी उंट घेऊनच गेला असेल. विनोद कसा असावा याचा यापेक्षा चांगला धडा आम्हाला कोणत्याही अभ्यासक्रमात सापडलेला नाही.

अचंबा आणि हसू यांचे आपसात वैर नाही, हे बसऱ्याच्या जाहिजने नवव्या शतकात दाखवले. एकाच लेखणीने त्याने प्राण्यांवर 'किताबुल-हयवान' लिहिले आणि कंजूषांची खिल्ली उडवणारे 'किताबुल-बुखला'ही लिहिले. ऐकीव गोष्टी पारखून घेण्याची त्याला सवय होती आणि स्वतःच्या कुरूपतेवर हसण्याचीही. एक बाई त्याला सोनाराच्या दुकानात घेऊन गेली, "असा" एवढेच म्हणाली आणि निघून गेली. सोनाराने खुलासा केला की बाईंना अंगठीवर सैतानाचे चित्र कोरून हवे होते, मी म्हणालो, सैतान मी पाहिलेला नाही, म्हणून त्या नमुना घेऊन आल्या. हा किस्सा खुद्द जाहिजनेच सांगितल्याचे सांगतात. उर्दूत हा झरा कधी आटला नाही. १८७७ मध्ये लखनौहून 'अवध पंच' निघाला. पितरस बुखारी, मुश्ताक अहमद यूसुफी, मुज्तबा हुसैन आणि आपल्या जालन्यात जन्मून मुंबईत रमलेले यूसुफ नाजिम, ही मोठी बिरादरी आहे. हैदराबादहून १९६८ पासून 'शगूफा' हे निव्वळ विनोदाचे मासिक निघाले. नसरुद्दीनच्या गोष्टी सांगण्याच्या परंपरेला २०२२ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात जागा दिली. (ही युनेस्कोची बातमी खरी आहे, वाचकांनी जरूर तपासावी.) एवढा वारसा असलेल्या समाजात हसण्याला फुजूल ठरवणारे लोक वारसदार कसले? हे तर वडिलोपार्जित घराला कुलूप लावून पायरीवर बसलेले लोक आहेत.

आणि हा वारसा फक्त पुस्तकांतला नाही. मालेगावकडे पाहा. २००६ आणि २००८ मध्ये बॉम्बस्फोट सोसलेले हे यंत्रमागाचे गाव. तिथे शेख नासिर या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. मग सुपरमॅनही मालेगावात उतरला. तो हडकुळा होता, कारण तो यंत्रमाग कामगार होता. ती भूमिका करणारे शफीक शेख २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले. या मंडळींवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट देशभर लागला. त्याच मातीतल्या छोटू दादाच्या खानदेशी विनोदी चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या. पाहणारे सगळे मुसलमान होते काय? ज्यांनी मालेगावचे नाव फक्त स्फोटांच्या आणि दंगलींच्या बातमीत ऐकले होते, त्यांनीही ते पहिल्यांदा हसत ऐकले. आपल्या तक्रारींच्या शंभर निवेदनांनी जे होत नाही, ते या मंडळींनी हलक्या कॅमेऱ्यावर आणि उधारीच्या कपड्यांत करून दाखवले. त्यांच्या विनोदाची उंची कमी-जास्त असेल, त्यावर टीका जरूर व्हावी. पण 'लोक हसले' हा त्यांचा गुन्हा होऊ शकत नाही.

विनोदाच्या नावाखाली जे काही चालते ते सगळे आम्हाला मान्य आहे, असे मात्र कोणी समजू नये. हुजुरातचीच अकरावी आयत सांगते की एका गटाने दुसऱ्याची टर उडवू नये. बायकोवरचे तेच ते शिळे विनोद, काळ्या रंगावरचे, बिहारी मजुरावरचे, तोतऱ्या माणसावरचे विनोद ग्रुपमध्ये बिनदिक्कत चालतात. गंमत अशी की तिथे मात्र 'ग्रुप का मकसद' कोणाला आठवत नाही. आमची कसोटी सोपी आहे. ज्याच्यावर विनोद आहे तो समोर बसला असता तर तोही हसला असता काय? हसला असता तर हसा.

प्रश्न राहतो, करायचे काय. ॲडमिनला दोष देऊन शिक्षकांची सुटका होत नाही. आमच्या स्टाफरूममध्येही तासाला ध्वनीचा धडा शिकवून मधल्या सुट्टीत चंद्रावरची अजान पाठवणारे महाभाग आहेत. म्हणून आम्ही काही शिक्षकांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेत पंधरा मिनिटांचा एक परिपाठ ठेवला आहे, 'एक अचंबा, एक लतीफा'. अचंबा आणणाऱ्याने सनद सांगायची: कोणी सांगितले, कधीचे, कुठले, आणि पुस्तकात किंवा दुसऱ्या भरवशाच्या ठिकाणी ते मिळते काय. ऑक्टोपसला तीन हृदये असतात, हे एका मुलाने आणले आणि ते खरे निघाले. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे दुसऱ्याने आणले आणि ते पडले. अवकाशात गेलेल्या पहिल्या चिनी अंतराळवीराने २००३ मध्ये परत येऊन सांगितले होते की त्याला ती भिंत दिसली नाही. ज्याचा अचंबा पडतो त्याला कोणी हिणवत नाही, उलट तो पाडणाऱ्यासाठी आणि आणणाऱ्यासाठी दोघांसाठी टाळ्या वाजतात. लतीफ्याला अट एकच, वर सांगितलेली कसोटी. परवा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "हिंदीत शिक्षा म्हणजे तालीम, मराठीत शिक्षा म्हणजे सजा. आपण नशीबवान, आपल्याला दोन्ही एकाच इमारतीत मिळतात." सगळा वर्ग हसला, आम्हीही हसलो. हा विनोद तीन भाषा येणाऱ्या मुलीलाच सुचू शकतो, आणि उर्दू शाळेतील मुले मराठीत कच्ची असतात अशी ओरड करणाऱ्यांना तो आम्ही आवर्जून ऐकवणार आहोत.

या अंकाचे वाचक आपापल्या ग्रुपमध्ये वजन असलेले लोक आहेत. त्यांच्याकडे आमचे दोनच मागणे आहेत. पुढच्या वेळी चमत्कार आला तर त्याखाली 'सुब्हानअल्लाह' लिहिण्याआधी "याची सनद काय?" एवढे लिहा. चार लोक नाराज होतील, होऊ द्या. आणि कोणी मांजरीच्या पिल्लाची गंमत टाकली आणि तुम्हाला हसू आले, तर ते दाबू नका, त्याखाली तसे लिहा. घरातील मुले तुमचा मोबाईल तुमच्या खांद्यावरून वाचत असतात.